मदत हवी आहे: व्हेगन आई, अंगावर पिणारं बाळ आणि राहून गेलेली बी१२ (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

लेक साडेतीन महिन्यांची आहे. जन्माचं वजन २.८ किलो, परवा लशीला नेली तेव्हा ५.४. फक्त अंगावर पिते. दिवसाला सात-आठ लंगोट ओले होतात, बघून हसते, मान धरायला लागलीय. तिची काही तक्रार नाही. तक्रार घरच्यांची आहे, आणि गेल्या आठवड्यापासून थोडी माझी स्वतःचीही.

मी सहा वर्षं व्हेगन आहे. मटण, अंडी नाहीतच, पण दूध, दही, तूप, मधही नाही. कोल्हापुरात हे सांगायचं म्हणजे काय, ते इथल्यांना ठाऊक असेल. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दुधाचा ग्लास हातात देणारं हे गाव. आमच्या घरी बुधवार-रविवार रस्सा असतो. नवरा खातो, मी त्याला काही म्हणत नाही, तोही मला काही म्हणत नाही. सहा वर्षं बरं चाललं होतं. आता मध्ये तिसरं माणूस आलंय.

कारण विचारतीलच कुणी, म्हणून सांगते. लहानपणी सुट्टीत मामाच्या गोठ्यात बघितलंय. म्हैस पान्हवावी म्हणून रेडकाला घटकाभर कासेला लावायचं आणि ओढून बाजूला बांधायचं. रेडा असला तर नंतर त्याच्याकडे कुणी बघायचंही नाही. आता लेक पलीकडच्या खोलीत रडली की मला पान्हा फुटतो, गाऊन भिजतो. शब्दसुद्धा तोच, म्हशीला आणि मला. आधी जे नुसतं पटलेलं होतं ते आता अंगात बसलंय.

(बारशाला चुलतदीर म्हणाले, "वहिनी, मग बाळाला तरी दूध चालतंय व्हय?" सगळे हसले. चालतं की भाऊजी. मी माझं राजीखुशीनं देते. म्हशीला कुणी विचारलं नव्हतं.)

तर मुद्दा. बी१२ (प्राणिज पदार्थांतूनच मिळणारं जीवनसत्त्व) ची गोळी मी नेमानं घ्यायचे. दिवस गेल्यावर पाचव्या महिन्यापर्यंत इतक्या उलट्या की गोळीचा वासही नको. नंतर लोह आणि कॅल्शियम सुरू केलं, बी१२ राहूनच गेली. बाळंतपणाला गडहिंग्लजला माहेरी गेले, तिथं तर आठवणही झाली नाही. म्हणजे वर्ष होत आलं, एकही गोळी पोटात नाही. गेल्या आठवड्यात दोन्ही तळपायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा डोक्यात उजेड पडला. डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी मान वर न करता सांगितलं, "दूध प्यायला लागा, सगळं ठीक होईल." तपासणी काही लिहून दिली नाही.

घरी आत्ती (सासूबाई) म्हणाल्या, "तूप खाईनास, पायाचं सूप पिईनास. बाळंतिणीचं अंग रितं असतंय. तुझा नेम तू पाळ, पण त्या पोरीनं का सोसायचं?" रागानं बोलल्या असत्या तर मीही बोलले असते. काकुळतीनं बोलल्या, म्हणून रात्रभर डोळा लागला नाही.

जेवण चांगलं आहे. नाचणीची नाहीतर ज्वारीची भाकरी, मुगाची किंवा तुरीची आमटी, उसळ, शेवग्याचा पाला, तिळाची आणि जवसाची चटणी, शेंगदाणे, खोबरं, खजूर. स्वयंपाकाला सैंधव मीठ. दूध भरपूर येतं.

मला एवढंच कळत नाही की आलेलं दूध पुरेसं आहे म्हणजे त्यात सगळं आहे असं धरायचं का? तिच्यासाठी वेगळी तपासणी करावी लागेल का? कॅल्शियमला नाचणी-तीळ पुरतात का? आणि सहा महिन्यांनी वरचं सुरू करताना काय बघावं? "दूध सुरू कर" हे सांगायला कृपया येऊ नका, ते सांगणारे घरी पुरेसे आहेत.

दोन_लेकरांची_आई: अगं, आधी रडणं थांबव. वजन छान वाढलंय. आळिवाचे लाडू कर: आळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे, मग ओलं खोबरं आणि गूळ. आमच्याकडे तसेच करतात, दूध-तूप लागतच नाही. डिंक मात्र तेलात तळून बघितला, मजा नाही आली.

मंगळवारपेठकर: ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मोठ्या माणसानं काय वाट्टेल ते खावं. पोराच्या जिवावर प्रयोग नकोत. आमच्या आज्ज्यांनी दूध पिऊन आठ-आठ पोरं वाढवली.

(धागाकर्ती): दादा, राग नाही. भीती मलाही तीच आहे, म्हणून तर विचारतेय. पण आठातली किती जगली हेही आज्जींना विचारून बघा.

वरणभात: मी आहारतज्ज्ञ आहे, पण तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे डॉक्टरांच्या जागी धरू नका. आधी मंगळवारपेठकरांना: दूध पिणाऱ्या शाकाहारी बायकांतही आपल्याकडे बी१२ ची कमतरता भरपूर सापडते. दिवसाला कप-दीड कप दुधानं, तेही चहातल्या, ती भरून निघत नाही. म्हणून "दूध प्या" हे उत्तर व्हेगन नसलेल्या बाईलाही अपुरंच आहे.

आता ताई, तुमचा पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. काही गोष्टी आईला कमी पडल्या तरी दुधात उतरतात, कारण शरीर त्या आईच्या साठ्यातून काढून देतं. कॅल्शियम आणि लोह त्यातले. तिथं झीज तुमची होते, बाळाची नाही. आत्ती म्हणतात ते "अंग रितं" हेच. पण बी१२, आयोडीन आणि डीएचए (मेंदू-डोळ्यांना लागणारं ओमेगा-३) या गोष्टी तुमच्या पोटात कमी गेल्या की दुधातही कमी होतात. बाळाचा स्वतःचा बी१२ चा साठा गरोदरपणात आईकडून येतो, आणि तुमची गोळी नेमकी तेव्हाच बंद होती. त्यामुळे दूध भरपूर येतं आणि वजन वाढतं यावर निर्धास्त राहू नका.

उद्याच बी१२ साठी रक्त द्या, आणि गोळी त्यानंतर सुरू करा, आधी नको, नाहीतर आकडा फसवा येतो. सोबत हिमोग्लोबिन, आणि जमलं तर होमोसिस्टीन (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढतं ते). डाळी-पालेभाज्या खाणाऱ्यांत फोलेट (रक्त तयार व्हायला लागणारं दुसरं बी जीवनसत्त्व) चांगलं असतं, त्यामुळे रक्त ठीक दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. मुंग्या येणं त्यातलंच असू शकतं. बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि "मी व्हेगन आहे, बी१२ वर्षभर घेतलेली नाही" हे याच शब्दांत सांगा. लपवू नका. कमतरता झालेलं बाळ आधी किरकिरं होतं, मग गप्प होत जातं, हसायचं थांबतं, धरलेली मान सोडतं, कधी हातपाय थरथरतात, बोटांच्या पेरांवर काळेपणा येतो. तुमची हसतेय, मान धरतेय, ही चांगली खूण आहे. तरी तपासणी टाळू नका. वेळेत उपचार मिळाले तर बाळं झपाट्यानं सुधारतात, उशीर झाला तर काही उणीव मागे राहू शकते.

पाजणाऱ्या बाईची बी१२ ची गरज दिवसाला तीन मायक्रोग्रॅमच्या आसपास. गोळी ५०० नाहीतर १००० ची दिसली म्हणून दचकू नका, एका वेळी शरीर त्यातलं थोडंसंच शोषतं. स्पिरुलिना (शेवाळाची पावडर), इडलीचं आंबवलेलं पीठ, न धुतलेल्या भाज्या यांच्यावर विसंबू नका. स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी शरीराला न चालणारं बी१२ असतं.

सैंधव सोडा. साधं आयोडीनयुक्त मीठ आणा. पाजणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं आणि तुमच्या ताटात मिठाशिवाय ते कुठंच नाही. मला तुमचा धागा वाचताना तुपापेक्षा हे मीठ जास्त खटकलं.

नाचणी उत्तम, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तिळात त्याहून कितीतरी जास्त, पण चटणी आपण चमचाभर खातो! शेवग्याचा पाला चालू ठेवा, पालक मोजू नका, त्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. पाजताना हजार-बाराशे मिलिग्रॅमची गरज असते, त्यामुळे कॅल्शियमची गोळी चालू राहू दे. लोहाच्या वेळेला ती घेऊ नका. लोह अंगी लागावं म्हणून जेवणावर लिंबू पिळा, चहा जेवणानंतर लगेच नको.

टिंबटिंब: मीही व्हेगन, पुण्यात दोन वर्षं पाजलं. एक अनुभव: कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं (जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं) असतं, म्हणून औषधवाल्याकडे गोळी मागा. नेहमीचं डी३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात, दगडफुलाच्या जातीपासून केलेलंही मिळतं. पण बाळाला रोजचे ४०० युनिट डी चे थेंब द्यायचेच, आई काहीही खात असो. त्यात तत्त्वाचा घोळ घालू नकोस, मी महिनाभर घातला आणि उगीच वेळ दवडला. जवस खातेस ते छान, पण त्याचं डीएचए फार थोडं बनतं. शेवाळापासून केलेलं मिळतं, महाग आहे.

आणि वरच्याची घाई नको. सहा महिन्यांनी मऊ वरण-भात, नाचणी सत्त्व, त्यात स्वतःचं काढलेलं दूध घाल. दाणे कुटून, दळून, अख्खे कधीच नाही. सोया किंवा बदामाचं दूध वर्षाच्या आत आईच्या दुधाच्या जागी चालत नाही. अंगावरचं कमी पडलंच तर डॉक्टरांना विचारून फॉर्म्युला, मग तो कशाचाही असो.

(धागाकर्ती, अकरा दिवसांनी): सगळ्यांचे आभार. माझं बी१२ १४८ आलं, लॅबच्या कागदावर २०० च्या खाली कमी असं लिहिलंय. दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी दूध पिता का हे विचारलं, नाही म्हटल्यावर "बरं" म्हणाल्या आणि इंजेक्शनं लिहून दिली, नंतर गोळी कायमची. लेकीचंही रक्त घेतलं (ती कमी रडली, मी जास्त). तिचं सीमेवर आहे, थेंब सुरू केलेत, महिन्यानं परत बघायचं. मुंग्या अजून आहेत, उतरायला वेळ लागेल म्हणाल्या.

मीठ बदललं. सैंधवाचा डबा आत्तींनी उपवासाला ठेवलाय.

कागद आत्तींना वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे तुपाचं न्हवंच हे, गोळीचं हाय." भिंतीवरच्या कॅलेंडरवर आता त्या फुली मारतात, मी गोळी घेतली की. म्हशीच्या धारेचा हिशेब मांडायची सवय होती म्हणे माहेरी. काल मी विसरले होते. रात्री दहाला स्वयंपाकघरातून हाक आली, "अगं, आजची फुली ऱ्हायलीया."