मदत हवी आहे: नव्या कपाटांचा वास जात नाही, बाळाची खोली आहे

बेडरूममध्ये एमडीएफची (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेला बोर्ड) दोन भिंतभर कपाटं करून सहा आठवडे झाले. रंगाचा वास आठवड्याभरात गेला, पण कपाटाचं दार उघडलं की अजूनही डोळे चुरचुरतात. बोर्डातल्या युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंदातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूचा हा वास असावा, कारण दमट किंवा गरम दिवशी तो जास्त जाणवतो. बोर्ड कोणत्या ग्रेडचा, म्हणजे त्यातून हा वायू किती सुटतो, हे सुताराला सांगता आलं नाही.

रोज चार-पाच तास खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेने, कपाटं रिकामी आणि दारं सताड उघडी ठेवतो. कोळशाच्या पिशव्या ठेवून पाहिल्या, काहीच फरक नाही. एअर प्युरिफायर आहे, पण त्यात फक्त हेपा फिल्टर आहे, तो धूळ पकडतो, वायू नाही. फॉर्मल्डिहाइड मोजणारं स्वस्तातलं मीटरही आणलं होतं, पण डिओडरंट मारलं तरी आकडा उडतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवत नाही.

बाहेरून लॅमिनेट आहे. आतली मागची बाजू, फळ्यांच्या कडा आणि बिजागऱ्यांची भोकं मात्र उघडीच आहेत. माझा संशय तिथेच आहे. कपाटं काढून टाकणं सध्या शक्य नाही. बाळ चार महिन्यांचं आहे, तूर्त आम्ही दुसऱ्या खोलीत झोपतो.

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा: उघड्या कडांना शेलॅक (लाखेचं पॉलिश) लावावं की पाण्यावर आधारित पीयू (पॉलियुरेथेन) सीलर, किती हात द्यावे लागतात, आणि त्यानंतर किती दिवसांनी बाळाला त्या खोलीत झोपवणं सुरक्षित ठरेल?