मत दिलं नाही, तरी तक्रार करणारच!

हॅरोकर:
ब्रिटनच्या २०२४ च्या निवडणुकीवरून शेजारच्या धाग्यावर एका महाशयांनी फर्मान काढलंय: "४ जुलैला जे घरी बसले त्यांनी पुढची पाच वर्षं तोंड बंद ठेवावं." मी घरी बसलो होतो आणि तोंड बंद ठेवणार नाही.

निवडायचं कोणाला? तेव्हाचे पंतप्रधान, टोरी (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे सुनक. त्यांनी भर पावसात, छत्रीही न घेता निवडणूक जाहीर केली. नॉर्मंडीतल्या डी-डे (दुसऱ्या महायुद्धातल्या स्वारीचा स्मृतिदिन) कार्यक्रमातून लवकर परतले ते टीव्हीला मुलाखत द्यायला, आणि त्याच मुलाखतीत लहानपणीचे हाल काय सांगितले, तर घरी स्काय टीव्ही (पैसे भरून घ्यायचे चॅनेल) नव्हता! लेबरचे स्टार्मर पक्षाचं नेतेपद मिळवताना विद्यापीठांची फी रद्द करू म्हणाले, नंतर शब्द गिळला. मग सभासभांतून 'माझे वडील टूलमेकर (अवजारं बनवणारे) होते' हेच पालुपद. आणि लिबरल डेमोक्रॅट (लिबडेम) पक्षाचे एड डेव्ही विंडरमिअर तळ्यात पॅडलबोर्डवरून पडत होते. उडदामाजी काळेगोरे! पाचातले दोन मतदार घरी राहिले. सगळे आळशी?

लेस्टरची सून:
हो, आळशीच. माझ्या सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ताटकळतायत. सरकारी रुग्णालयांची प्रतीक्षायादी कमी करू हे सुनकचं जानेवारी २०२३ मधलं वचन. तेव्हा ७२ लाख होती, निवडणुकीच्या वेळी ७६ लाख. तरी त्या काठी टेकत मत देऊन आल्या. तुम्हाला नेते 'आवडले' नाहीत म्हणे. स्थळ बघायला निघाला होतात का?

आडमुठा:
ताई, भावना बाजूला ठेवा. लेबरला ३३.७ टक्के मतांत ४११ जागा. रिफॉर्मला १४.३ टक्के, जागा ५. लिबडेमना त्याहून कमी मतं आणि ७२ जागा! मला रिफॉर्मचा नेता फराज डोळ्यासमोर नको, पण हे गणित कुठल्या शाळेतलं? लंडनच्या हॅरो ईस्ट मतदारसंघात तर टोरी लाटेविरुद्धही निम्म्याहून जास्त मतं घेऊन बसले. हॅरोकरांच्या एका मताने काय दिवे लागले असते?

लेस्टरची सून:
पद्धत बदलायला २०११ मध्ये सार्वमत झालं, लोकांनीच दणकून नाही म्हटलं. आणि आमच्या लेस्टर ईस्टमध्ये बघा. देशभर टोरी आपटले, इथे शिवानी राजा लेबरची जागा घेऊन गेल्या. लेबरचेच दोन माजी खासदार विरोधात उभे राहिले, मतं फुटली. मत मोजलं जातं, हॅरोकर!

चिंगी:
एक मिनिट. भारतीय पासपोर्टवर मत देता येतं??

आडमुठा:
येतं. राष्ट्रकुलातले आहोत आपण. नाव नोंदवायचं फक्त.

बापू स्लावकर:
हेच मला पटत नाही. इथे कायम राहायचं ठरलेलं नाही, नागरिकत्व घ्यायचं नाही, पण सरकार निवडायचं! आम्ही रीतसर थांबलो, फिया भरल्या, मग मत दिलं.

चिंगी:
काका, फिया आम्ही भरत नाही? व्हिसावाल्यांचा आरोग्य अधिभार ६२४ पौंडांवरून १०३५ केला, दर वर्षी, डोईमागे. त्यावर कर वेगळा. एप्रिल २०२४ पासून जोडीदाराला आणायला वार्षिक पगाराची अट १८,६०० पौंडांवरून २९,००० झाली. माझ्या भावाचं लग्न झालंय, वहिनी सांगलीतच. त्याने कोणाकडे दाद मागायची?

बापू स्लावकर:
नियम सगळ्यांना सारखा. पगार नाही तर घाई कशाला केली?

चिंगी:
वा! म्हणजे लग्नही आता गृहखात्याला विचारून करायचं. तुम्ही आलात तेव्हा काकूंना आणायला २९,००० लागले होते का?

बापू स्लावकर:
तेव्हाची गोष्ट वेगळी.

आडमुठा:
😂 कायम वेगळीच असते.

बापू स्लावकर:
दात काढू नका. लेबर येऊन ती अट काढेल असं वाटतंय का? त्यांच्याही जाहीरनाम्यात स्थलांतर कमी करण्याचीच भाषा आहे.

हॅरोकर:
बापू, हेच मी वर लिहिलं होतं की! धागा माझा, भांडण व्हिसाचं. असो. लेस्टरपुरतं ताईंचं म्हणणं मान्य, शंभर टक्के. हॅरोपुरतं माझं म्हणणं माना.

लेस्टरची सून:
मानते. पुढच्या वेळीही घरीच बसा, सोफा चांगला दिसतोय.

चिंगी:
त्या नोंदणीचं कोणी नीट सांगेल का? आणि केंद्रावर विद्यार्थी ओळखपत्र चालतं ना?

आडमुठा:
नाही चालत. म्हाताऱ्यांचा बसपास चालतो. पासपोर्ट घेऊन जा, भारतीयही चालतो.

बापू स्लावकर:
बसपासाला नावं ठेवू नका. मी तोच दाखवला.