पाच वर्षांनी जाकीट टाकायचं का? 'धंदा आहे' म्हणणाऱ्या मालकांना उत्तर

गनमॅन_होटगीरोड:
काल इथं एका सिक्युरिटीवाल्या मालकांनी लिहिलं, 'बुलेटप्रूफ जाकिटाची पाच वर्षांची मुदत म्हणजे कंपन्यांचा धंदा. कापड कधी नासतं का? माझी बारा वर्षांची जाकिटं ठणठणीत आहेत.' मालक, ठणठणीत हे ठरवलं कशावरून? बाहेरून ब्रश मारून?

नऊ वर्षं कॅशच्या गाडीवर आहे मी. पहिल्या दिवशी मिळालेलं जाकीट माझ्याआधी तिघांच्या घामानं भिजलेलं. एकदा डबा खाता खाता कव्हर उघडून बघितलं. आतलं पॅनेल, म्हणजे गोळी अडवणारा थर, घसरून पोटाशी दुमडलेलं, गळ्याखाली चार बोटं नुसतं कापड. पॅनेलचं वॉटरप्रूफ आवरण काखेत फाटलेलं, आत काळी बुरशी. लेबलवर तारखेच्या जागी पांढरा डाग. आणि ठेवायचं कुठं, तर सीटमागच्या खिळ्याला टांगून. सोलापूरचा मे महिना, पत्र्याची गाडी दिवसभर उन्हात. केवलारच्या धाग्याचं पॅनेल ऊन आणि ओल खाऊन मरतं, पॉलिथिलीनचं उष्णतेनं. म्हणून आडवं, सावलीत ठेवा म्हणतात. आमच्या सुपरवायझरनी तर एकदा सगळी जाकिटं पॅनेलसकट मशीनला लावली. वास गेला म्हणून खूश होते.

एजन्सीवाला_मालक:
तो मालक मीच. वॉरंटी म्हणजे एक्सपायरी नव्हे हो. पाच वर्षं कंपनी जबाबदारी घेते, पुढं घेत नाही, एवढंच. अमेरिकेत जाकिटांची मानकं ठरवणारी एनआयजे ही सरकारी संस्था आहे, तिच्या २००८ च्या नियमात नवं जाकीट दहा दिवस ६५ अंशाच्या दमट ड्रममध्ये ७२ हजार वेळा गरगर फिरवतात आणि मग गोळ्या मारतात. तुमच्या मे महिन्याचं काय घेऊन बसलात? आणि टेंडर सगळ्यात कमी दरवाल्याला मिळतं. गार्डचा पगार काढू का जाकिटं घेऊ?

गनमॅन_होटगीरोड:
ड्रमचे दहा दिवस, तुमची बारा वर्षं. त्या ड्रममध्ये सुपरवायझर नसतो. आणि आपल्याकडचं बुलेटप्रूफ जाकिटांचं १७०५१ नंबरचं मानक आलं २०१८ ला. तुमची जाकिटं त्याच्या आधीची. कुठल्या कसोटीला उतरलेली आहेत, कागद दाखवा.

झायलॉन नावाच्या जाकिटाच्या धाग्याचं काय झालं तेही वाचा. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका पोलिसाच्या अंगावरच्या झायलॉनच्या जाकिटातून गोळी आरपार गेली. २००५ ला एनआयजेनं त्या धाग्याची जाकिटं बाद केली. त्या पोलिसाचं जाकीट जुनाट नव्हतं.

एजन्सीवाला_मालक:
म्हणजे तारखेवरून काही कळत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. आभारी आहे.

लूमवाला_पूर्वभाग:
'कापड कधी नासतं का' यावर बोलतो. आमच्या आजीची चादर पस्तीस वर्षं टिकली की ओ. पण ती खरी सोलापुरी होती. जीआय, म्हणजे गावाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळूनही आज सोलापुरी म्हणून बाहेरचा माल विकतात आणि आपलेच लोक घेतात. तीन धुण्यात रंग जातो.

गनमॅन_होटगीरोड:
अण्णा, चादरीवर गोळी कोण मारतंय?

लूमवाला_पूर्वभाग:
ऐकून तर घ्या. धागा बघणारा माणूसच राहिला नाही, तर तुमचं जाकीट तरी कोण तपासणार? माझ्या बापानं नुसत्या बोटानं सुताचा नंबर सांगितलेला. आज माझी दोन पोरं पुण्याला मोबाइल विकतात. मागल्या वर्षी चार लूम भंगारात घातले, किलोच्या भावानं. काटा मारला तोही त्या भंगारवाल्यानं.

टॉवेल_सम्राट:
चादर गेली, टॉवेल आहे ना अजून. सारखं रडगाणं का बे? डिझाइन तीच, मोर तोच, गिऱ्हाईक कुठून येणार?

लूमवाला_पूर्वभाग:
मोराला बोलू नका. विजेचं बिल भरा एकदा, मग बोला.

महिला_गार्ड:
दोघांनी चादरीचा वेगळा धागा काढा. मला जे जाकीट दिलंय ते सहा फुटी माणसाचं आहे. बसले की हनुवटीला लागतं, बाजूला काखेखाली वीतभर उघडं. हे अगदी नवं आहे, लेबल चकचकीत. याचं काय करू?

निवृत्त_एसआरपी:
ताई, लिहून द्या आणि पोच घ्या. माप चुकलं तर नवंही निकामीच.

मालक, तुम्ही घेतलेली मऊ, थ्री-ए दर्जाची जाकिटं पिस्तुलापुरती. इकडं सापडणारा .३१५ चा कट्टा रायफलचं काडतूस उडवतो. त्याला आत कडक प्लेट लागते. कोयत्याची, सुऱ्याची तर परीक्षाच वेगळी, गोळी अडवणारं सुरा अडवेल असं नाही. आणि सिरॅमिकची प्लेट आपटली की आतून तडकते, वरून काही दिसत नाही, एक्स-रे काढावा लागतो. आमच्याकडं एक पोरगं त्या प्लेटवर बसून जेवायचं. मी शिव्या दिल्या तर म्हणतं, 'गोळी सोसते, मला नाही सोसणार?'

एजन्सीवाला_मालक:
तुमचं वय बघून गप्प बसतो. कधी गोळी लागली आहे का कुणाला?

निवृत्त_एसआरपी:
माझ्या सोबत्याला. जाकीट नवं होतं, गोळी अडली, तरी दोन बरगड्या मोडल्या. परीक्षेत जाकिटामागं माती लावून गोळी मारतात, त्या मातीत ४४ मिलिमीटरपर्यंत खड्डा चालतो. पट्टी घेऊन बघा केवढा होतो. हे चांगल्या जाकिटाचं सांगतोय.

एजन्सीवाला_मालक:
बरं बाबा. खिळ्याला टांगणं बंद करतो, ते काही खर्चाचं काम नाही. पॅनेल काढून बघतो. ज्याचं आवरण फाटलंय तेवढंच बदलीन. सगळी जाकिटं नाही, आधीच सांगतो. आणि मशीन लावणारा माणूस माझा नव्हे.

गनमॅन_होटगीरोड:
फाटलेलं शोधाल, ओल लागून सुकलेलं कसं शोधणार? लेबल वाचता येत नाही ती तरी आधी बाजूला काढा.

एजन्सीवाला_मालक:
शुक्रवारी दुपारी या ऑफिसला. टेबलावर मांडून ठेवतो. चष्मा तुमचा तुम्ही आणा.

लूमवाला_पूर्वभाग:
मीपण येतो. धागा बघायचाय मला. मोराला नावं ठेवणाऱ्यालाही बोलवा.