हार्ड डिस्क ‘फॉरमॅट करा’ म्हणतेय, आत दिवाळी अंक आहे

जुळारी
नमस्कार मंडळी. अप्पा बळवंत चौकाजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे, दोन टेबलं आणि एक पंखा एवढंच. मंगळवारी दुपारी वीज दोनदा गेली-आली. यूपीएसची बॅटरी कधीच वारलीय. तेव्हापासून १ टीबीची डिस्क बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) दिसते, पण ई ड्राइव्ह उघडायला गेलं की पाच मिनिटं ढिम्म, आणि मग प्रश्न: फॉरमॅट करायचं का? आत एका दिवाळी अंकाची १४४ पानं आहेत, पेजमेकरमध्ये लावलेली, मजकूर श्रीलिपी फॉन्टात. भाच्यानं चेकडिस्क लावलं, ते १२ टक्क्यांवर अडकलं, मी बटण दाबून बंद केलं. बॅकअप म्हणाल तर पहिल्या प्रुफाचे कागद. शिव्या घाला, पण नंतर. संपादकांना ‘पावसामुळे उशीर होतोय’ सांगून ठेवलंय.

कर्वेनगरी
भाच्याला आधी चहा आणायला पाठवा आणि मशीन बंद करा. चेकडिस्क फाइल वाचवायला नसतं, फाइल सिस्टीम सरळ करायला असतं. त्या नादात ते डिस्कवर लिहितं, आणि नोंद जुळली नाही तर ती कापूनही टाकतं. एक सांगा, आवाज कसा येतो? टक्-टक् येत असेल तर पुन्हा चालू करू नका. डिस्क वाचणाऱ्या हेडला जागा सापडत नसते, मग घरगुती उपाय संपले. क्लीन रूम (डिस्क उघडायची धूळमुक्त खोली) असलेल्यांकडेच न्या, आणि तपासणीचे किती, फाइल न मिळाल्यास किती, हे आधी लिहून घ्या.

जुळारी
आवाज रोजचाच, एकसारखी घरघर.

निवृत्तनाना
प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. २००३ साली माझी चालली होती.

कर्वेनगरी
नाना, नको. बाहेर काढल्यावर दमट हवेत आत दव धरतं. हेड ताटलीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, त्याच्यापुढे पाण्याचा थेंब म्हणजे पर्वती.

जुळारीभाऊ, आवाज ठीक असेल तर स्मार्टचे आकडे बघा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. त्यातला सी७ हा आकडा वाढलेला असेल तर संशय केबलवर. सी५ म्हणजे वाचताना अडलेले सेक्टर. तो शून्य नसेल तर २ टीबीची नवी डिस्क घ्या, लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करा आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमनं अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढा. मॅप फाइल (कुठवर वाचलं त्याची नोंद) द्यायला विसरू नका, म्हणजे मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. पहिल्या फेरीत सोपं तेवढंच उचला, अडलेल्या जागा नंतर. जुनी कुठली, नवी कुठली, हे सिरीयल नंबर ताडून ठरवा. उलट झालं तर कोऱ्या डिस्कची सुंदर प्रत मिळेल. पुढचं सगळं इमेजवर करा, जुनीला हात लावू नका.

जुळारी
शनिवार, रात्रीचे अकरा. केबल तपकीर गल्लीतून आणून बदलली, फरक शून्य. सी५ खरंच वाढलेला होता. इमेजला दीड दिवस लागला. पहिले ९० टक्के पटापट आले, उरलेल्यांनी जीव काढला. मग टेस्टडिस्क या फायली शोधायच्या प्रोग्रॅममध्ये इमेज उघडली तर फोल्डर नावानिशी समोर! पानांच्या १८ फायलींपैकी १७ उघडल्या. अठरावीत मध्येच शून्यं भरलेली, पेजमेकर तिला हात लावेना.

लेखांच्या मूळ टेक्स्ट फायलींचं फोल्डर मात्र गायब. फोटोरेक हा प्रोग्रॅम फायली आतल्या मजकुरावरून ओळखतो, त्यानं त्या आणल्या, पण नावं गेली. एफ आणि पुढं आकडे, अशा हजारो. शोधायच्या कशा? श्रीलिपीचा तो जुना मजकूर युनिकोड नाही, म्हणजे मशीनला तो मराठी अक्षरं म्हणून ओळखताच येत नाही, मराठीत शोधून काय मिळणार! शेवटी ‘फराळ’ श्रीलिपीत टाइप केलं, नोटपॅडमध्ये चिकटवलं, आणि जो रोमन कचरा दिसला तोच शोधात टाकला. तीन फायली आल्या. एकीत चकलीचा लेख, बाकी दोन आमच्या जुन्या हँडबिलाच्या.

निवृत्तनाना
अठराव्या फायलीचं काय केलंत?

जुळारी
आठ पानं पहिल्या प्रुफावरून पुन्हा टंकली. त्यावर संपादकांच्या हिरव्या शाईच्या दुरुस्त्या होत्याच, त्याही उरकल्या. ‘पाहुणचार’ मी तेव्हा तीन ठिकाणी उकार दीर्घ मारला होता.