दादाच्या घरचा बॉयलर: फॅमिली ग्रुपवरची चर्चा

४ जानेवारी

दादा (लीड्स): मंडळी, घर आणि नळाचं पाणी तापवणारा बॉयलर गेला. आज माणूस येऊन बघून गेला, आतला हीट एक्स्चेंजरच, म्हणजे ज्वाळेची उष्णता पाण्याला देणारा भागच, फुटलाय म्हणाला. १७ वर्षं जुना, दुरुस्तीत अर्थ नाही. बाहेर उणे २, घरात ११. नवीन घ्यायचाय आणि दोन कोटेशनं दोन टोकांची आलीत. बापूकाका, जागे आहात का?

आत्या (नौपाडा): अगंबाई, ११! पोरांना टोपी घालून झोपवा रे.

ताई (ऐरोली): इकडे २१ आहे आणि तिकडे ठाण्यात आई शाल गुंडाळून बसलीये.

आई: येऊरच्या डोंगराकडून वारा सुटलाय. तुला ऐरोलीत नाही कळायचं.

बापूकाका: जागा आहे. पण आधी एक सांगतो, तुझा तो बॉयलर नव्हेच. टीटीसीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ३१ वर्षं युटिलिटीत, म्हणजे वाफ-पाण्याच्या खात्यात, काढली मी. बॉयलर म्हणजे वाफ, इन्स्पेक्टर, हायड्रॉलिक टेस्ट. तुझ्याकडे पाणी उकळतसुद्धा नाही. आपल्या कायद्यात तर १०० डिग्रीच्या आत पाणी तापवणाऱ्या भांड्याला बॉयलर म्हणतच नाहीत. भिंतीवर टांगलेला हुशार गिझर आहे तो. सांग आता, कोटेशनं काय आहेत?

दादा (लीड्स): पहिला म्हणतो ३५ किलोवॅटचा कॉम्बी घ्या, खोलीचं तापमान बघून बॉयलर चालवणारा वायरलेस थर्मोस्टॅट फुकट देतो. पाच मिनिटांत निघून गेला. दुसऱ्याने खिडक्या, भिंती, गरम पाण्याने खोली तापवणारे रेडिएटर सगळं मोजलं. म्हणाला कडक थंडीत घराला ७ किलोवॅट पुरे. तो ३० चा सांगतोय, ३०० पाउंड महाग.

ताई (ऐरोली): ७ पुरे तर ३० कशाला? हा तर पहिल्याचाच भाऊ झाला.

बापूकाका: ताई, प्रश्न बरोबर. कॉम्बी म्हणजे एकाच पेटीत दोन कामं. रेडिएटरचं पाणी फिरवायचं आणि नळ उघडला की अंघोळीचं पाणी तिथल्या तिथे तापवून द्यायचं. टाकी नाही, साठा नाही. त्यामुळे आकडा ठरतो तो अंघोळीवर, घर तापवण्यावर नाही. दादा, घरात बाथरूम किती?

दादा (लीड्स): एक.

बापूकाका: मग उद्या सकाळी स्वयंपाकघरातला गार पाण्याचा नळ पूर्ण सोड, १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळावर बघ.

आत्या (नौपाडा): इंग्लंडात जाऊनही बादलीच.

५ जानेवारी

दादा (लीड्स): ५२ सेकंद. वहिनीने व्हिडिओ काढलाय, नंतर टाकते म्हणतेय.

बापूकाका: म्हणजे मिनिटाला साडेअकरा लिटर. थंडीत तुमच्या नळाचं पाणी ५ डिग्रीच्या आसपास, अंघोळीला हवं ४०. वाढ ३५ ची. लिटर गुणिले वाढ, भागिले १४.३. उत्तर २८ किलोवॅट. ३५ चा बॉयलर मिनिटाला १४ लिटर तापवू शकतो, पण नळातून साडेअकराच येतात. उरलेली ताकद कुठे घालणार, लोणच्यात? दुसरा माणूस शहाणा आहे.
आता त्याला विचार, हा कमीत कमी किती किलोवॅटवर जळू शकतो? ते कोणी विचारत नाही. काही मॉडेल ३ पर्यंत खाली येतात, काही ७-८ वर अडतात. तुमच्या मार्च-एप्रिलमध्ये घराला ३ च लागतात. अडलेला बॉयलर मग पेट, विझ, पेट, विझ करत बसतो.

आत्या (नौपाडा): मला एक भीती आहे. गॅसवर चालतो ना? आमच्या सोसायटीत बाथरूममधले गॅस गिझर काढायला लावले सगळ्यांना. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड होतो, वास येत नाही, माणूस गुंगीत जातो.

वहिनी (लीड्स): आत्या, इथे तो खोलीतली हवा घेतच नाही. एका नळीत दुसरी नळी असते भिंतीतून बाहेर गेलेली, एकीतून हवा आत, दुसरीतून धूर बाहेर. शिवाय गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे इथल्या अधिकृत गॅस कारागिरांच्या यादीत, नाव असल्याशिवाय कोणी गॅसला हात लावू शकत नाही, कार्ड मागून बघायचं. आणि नवा बॉयलर बसवला की त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म २०२२ पासून सक्तीचाच आहे.

आत्या (नौपाडा): मग ठीक. कार्ड बघ पण नक्की.

ताई (ऐरोली): गॅस कशाला म्हणते मी? बाहेरची उष्णता ओढून घर तापवणाऱ्या हीट पंपाला तिथलं सरकार साडेसात हजार पाउंड देतं ना?

वहिनी (लीड्स): देतं. पण त्याला बाहेर युनिट लागतं, आत गरम पाण्याची टाकी. ज्या कपाटात टाकी होती तिथे आता धाकटीचं अभ्यासाचं टेबल आहे. आणि सगळं व्हायला दोन-तीन महिने. ११ डिग्रीत दोन महिने तूच ये राहायला.

बापूकाका: आत्ता कॉम्बी घ्या, पण एक प्रयोग करा. रेडिएटरला जाणारं पाणी ५० डिग्रीवर ठेवून एक हिवाळा काढा. घर उबदार राहिलं तर रेडिएटर मोठे आहेत, पुढे हीट पंप सहज चालेल. नाही राहिलं तर कुठला रेडिएटर बदलायचा ते आपोआप कळेल.

दादा (लीड्स): ५०? जुना ७५ वर असायचा.

बापूकाका: म्हणूनच गॅस खायचा. हे वाचा सावकाश. गॅस जळला की धुरात पाण्याची वाफ असते. परत येणारं पाणी साधारण ५५ च्या खाली असेल तर ती वाफ आतच पाणी होते आणि आपली उष्णता देऊन जाते. तिकडे २००५ पासून सगळे कंडेन्सिंग बॉयलर बसवतात ते ह्याचसाठी. आणि लोक ७५ ला लावून ती सगळी उष्णता चिमणीतून सोडतात.
गंमत बघा, आम्ही नोकरीभर ह्याच्या उलट केलं. फर्नेस ऑइलमध्ये गंधक, धूर गार झाला की आम्ल धरतं आणि धुरावर पाणी तापवणाऱ्या इकॉनॉमायझरच्या नळ्या चाळणी होतात. धूर गार होऊ देऊ नका म्हणून शिफ्टला ओरडायचो. आता पुतण्याला सांगतोय, होऊ दे गार.

दादा (लीड्स): आणि ते पाणी जाणार कुठे?

बापूकाका: प्लॅस्टिकच्या नळीने गटारात. ती नळी शक्य तेवढी घरातूनच न्यायला सांग. बाहेर काढली तर जाड, उतार देऊन, वरून फोमचं वेष्टण. नाहीतर बर्फ पडला की ती गोठते आणि ज्या दिवशी लागतो त्याच दिवशी बॉयलर बंद. तसं झालं तर कोमट पाणी ओता, उकळतं नाही.

६ जानेवारी

दादा (लीड्स): काका, थर्मोस्टॅटचं राहिलं. पहिला फुकट देतोय तो नको का?

बापूकाका: त्याला विचार, आत नुसता रिले आहे की बॉयलरशी बोलतो? आपल्या गच्चीवरच्या टाकीचा ऑटो स्विच आठव. पाणी कमी, पंप चालू. भरलं, बंद. रिलेवाला तसाच, थंड झालं की पूर्ण जोर, गरम झालं की ठप्प. दुसरा प्रकार सांगतो, अर्धा डिग्रीच हवाय, हळू जळ. त्याला लोड कॉम्पेन्सेशन म्हणतात, ओपनथर्म किंवा त्या कंपनीची स्वतःची भाषा असते. बॉयलर आणि थर्मोस्टॅट एकच भाषा बोलतात का, ते लिहून घे.

दादा (लीड्स): दुसऱ्याने तेच दिलंय कोटेशनमध्ये. म्हणाला २०१८ च्या नियमानुसार कॉम्बीबरोबर चारपैकी एक काहीतरी द्यावंच लागतं, लोड कॉम्पेन्सेशन त्यातलंच एक.

ताई (ऐरोली): वायरलेस म्हणजे वायफाय गेलं की थंडी?

बापूकाका: नाही. साधारण ८६८ मेगाहर्ट्‌झच्या रेडिओवर बोलतात, वायफायशी संबंध नाही. मोबाइलवरून चालवायचं असेल तरच वायफाय. पण सेल संपले की बॉयलर बंद होऊ शकतो. नाताळाच्या आधी सेल बदलायचे. वायरलेसचा खरा फायदा म्हणजे जागा बदलता येते. स्टँडवर घ्या, भिंतीवर ठोकू नका. आठवडाभर फिरवून बघा. रेडिएटरजवळ नको, उन्हात नको, दारातल्या झोतात नको. आणि त्या खोलीतल्या रेडिएटरचा स्वतःचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर दोघं एकमेकांशी भांडतात.

दादा (लीड्स): ठरलं. ३० चा, दुसरा माणूस. मंगळवारी बसवतोय.

१९ जानेवारी

वहिनी (लीड्स): काका, सगळं छान चालू होतं, पण तीन दिवस झाले, संध्याकाळी सातनंतर घर गार पडतं. थर्मोस्टॅट २२ दाखवतो आणि आम्ही कुडकुडतोय. तो माणूस म्हणतो बॉयलर उत्तम. फोटो टाकते.

बापूकाका: थर्मोस्टॅटशेजारी ते पितळेचं काय आहे?

वहिनी (लीड्स): समई. सासूबाईंनी दिलेली. देव्हाऱ्याच्या फळीवर जागा होती म्हणून थर्मोस्टॅट तिथेच ठेवला.

बापूकाका: सातला लावता ना?

वहिनी (लीड्स): 🙈

आई: समई हलवायची नाही हं.

बापूकाका: समई कोण हलवतंय. थर्मोस्टॅट हलवा. समोरच्या पुस्तकांच्या कपाटावर, छातीएवढ्या उंचीवर.

वहिनी (लीड्स): हलवला. आता १८ दाखवतोय. आणि खाली बॉयलर पेटल्याचा आवाज आला.