मदत हवी आहे : मॉलमधल्या फिट-आउटसाठी (दुकानाच्या आतल्या कामासाठी) पुन्हा वापरता येणारं पार्टिशन

मंडळी, चालू मॉलमध्ये २४ फुटी दुकानासमोर आडोसा करायचा आहे. फरशीला किंवा फॉल्स सीलिंगला भोक पाडायची परवानगी नाही.

आत्ताची रचना अशी: ४ बाय ८ चे सहा पॅनल, मागे अ‍ॅल्युमिनियम बॉक्स सेक्शनची फ्रेम, पुढे ६ मिमी फायर रिटार्डंट, म्हणजे सहज पेट न घेणारा प्लाय (भारतीय मानक आयएस ५५०९). १२ मिमी घेतला तर नुसता प्लायच २२-२३ किलोचा होतो, दोघांना उचलून जिना चढणं जिवावर येतं. जोडाला बोल्ट आणि विंग नट. प्रत्येक जोडामागे तिरका टेकू, त्याच्या पायावर २५ किलोची वाळूची गोणी.

अडचण वरच्या बाजूला आहे. सीलिंग १० फुटांवर, म्हणजे वर २ फुटांची फट. तिथे प्लास्टिक शीट चिकटवली, तर आतला एक्झॉस्ट चालू झाला की ती आत ओढली जाते, टेप सुटतो आणि बंद केल्यावर पीओपी घासल्याची धूळ कॉरिडॉरमध्ये. टेप निघताना सीलिंगचा रंगही घेऊन येतो, ते वेगळंच. स्प्रिंगचे टेलिस्कोपिक पोल लावावेत तर जिप्सम बोर्ड दाब घेत नाही. टी-सेक्शनखाली (बोर्ड धरणाऱ्या धातूच्या पट्टीखाली) नेमका पोल आला तरच जमतं.

वरच्या फटीसाठी फोमची पट्टी लावलेलं सरकतं पॅनल कुणी वापरलंय का? फोम किती जाडीचा? स्प्रिंकलर मोकळे ठेवायचेच आहेत. शिवाय पॅनलवर चिकटवलेलं प्रिंटेड व्हिनाइल (छापील स्टिकर) सोलल्यावर गोंद राहतो. त्याऐवजी वेल्क्रोवर फ्लेक्स ताणून बसतो का, की मध्ये पोट धरतो?