मोटरहोमचे लेव्हलिंग जॅक: मागचे दोन रस्त्याला टेकतील का?

चाकावरचं घर:
आमच्या मोटरहोमला, उभी असताना ती सपाट करणारे, चार हायड्रॉलिक जॅक बसवायचेत. आई सोबत असते. गाडी जराशी तिरकी उभी राहिली तरी रात्री उठताना तिचा तोल जातो, म्हणून हे काम मला करायचंच आहे. ठोकळ्यांवर चाक चढवत अंधारात मागे-पुढे करणं आता नको वाटतं. प्रश्न असा, की गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच बाहेर येतो. फिटर म्हणतो, मागचे जॅक अगदी टोकाकडे लावू, तिथे जागा मोकळी आहे. मागच्या चाकापासून दीड मीटर. जॅक सरळ खाली येणारे आहेत, बंद असताना पाय जमिनीपासून २० सेंमी वर राहील म्हणे. एवढं पुरतं का? चढावर वळताना खालून खर्रकन आवाज येईल, ही धास्ती आहे.

जुना फिटर:
नुसत्या २० सेंमीवरून काही ठरत नाही, चाकापासूनचं अंतर बघा. पुढची चाकं चढाला लागली की गाडी मागच्या चाकांवर कलते आणि शेपूट खाली जातं. जितकं मागे, तितकं जास्त खाली. तुमच्या मापाने चढ २० भागिले १५० इतका झाला, म्हणजे कोनात साधारण साडेसात अंश, की पाय टेकणार. तोच जॅक त्याच उंचीवर चाकामागे ६० सेंमीवर आणला, तर १८ अंश मिळतात. मोकळी जागा ही फिटरची सोय झाली. गाडी तुम्हाला चालवायची आहे, त्यामुळे जागा बदलायचा आग्रह धराच.

दुसरं, लांब स्ट्रोकचा, म्हणजे पाय जास्त खाली येणारा, जॅक मिटलेला असतानाही लांबच असतो. कमी स्ट्रोकचा घ्या आणि गरज पडेल तिथे खाली जाड फळी ठेवा. मऊ जमिनीवर फळी तशीही लागतेच.

आणि माप रिकाम्या गाडीचं घेऊ नका. पाण्याची टाकी, डिझेल, सामान, सगळं भरा, टायरची हवा नीट करा, मग टेप लावा.

रात्रवस्ती:
आडवे दुमडणारे जॅकही मिळतात, चालत्या गाडीत ते चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, समांतर पडून राहतात. उंची चांगलीच वाचते. मात्र फिरून उभं राहायला त्यांना मोकळी जागा लागते, मध्ये सायलेन्सर किंवा टाकी आली तर जमत नाही.

जुना फिटर:
बरोबर. दोन्ही प्रकारांत स्प्रिंगवर लक्ष ठेवा. बऱ्याच जॅकना परत वर ओढायचं काम स्प्रिंगच करतात. रॉडवर चिखल वाळला किंवा स्प्रिंग गंजली, की एखादा जॅक चार बोटं खालीच राहतो, आणि मग तुमचं सगळं गणित फुकट. रॉड पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस लावू नका, त्यावर धूळ चिकटते. निघताना जॅक खाली राहिल्याचं सांगणाऱ्या अलार्मवर विसंबू नका, वाकून चारही पाय डोळ्यांनी बघा. गाडीला एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असेल तर हवा पूर्ण भरून गाडी नेहमीच्या उंचीवर येईपर्यंत हलवू नका.

आईसाठी म्हणून आणखी एक: लेव्हल करताना मागची चाकं जमिनीवरून उचलू देऊ नका. पार्किंग ब्रेक सहसा तिथेच लागतो, चाकं अधांतरी झाली की गाडी जॅकवरून सरकू शकते.

चाकावरचं घर:
गाडी भरून माप घेतलं. २० नाही, १७ सेंमीच मिळतात! म्हणजे टोकाला साडेसहा अंशही धड नाहीत. ६० सेंमीवर सांडपाण्याचा पाइप आडवा येतो, पण ७५ वर चासीचा बार मोकळा आहे. तिथे जवळजवळ १३ अंश येतात. बंपर चाकापासून २ मीटरवर, ३८ सेंमी उंच आहे, तो ११ च्या आसपासच टेकतो. म्हणजे जॅकच्या आधी बंपर. फिटरला ७५ ची खूण खडूने करून दाखवली, तो तयार झालाय. आता कमी स्ट्रोकचे जॅक आले की काम सुरू.